ऑड नॉसडॅम आणि त्याचे शूगेझ सोबती : याला हिप-हॉप म्हणावे का?

तबकडीवाला

हिप-हॉपवर या मंचावर चर्चेचे जे धागे निघतात ते बहुधा शब्दांभोवती फिरतात. कोणी काय म्हटले, कोणाला उद्देशून म्हटले, यमक कसे साधले, यावरच चर्चा रंगते, आणि त्यात गैर काहीच नाही. मला मात्र आज अशा एका निर्मात्याविषयी लिहायचे आहे, ज्याचे नाव या संगीताशी कायमचे जोडलेले आहे आणि ज्याच्या स्वतःच्या तबकड्यांवर शब्द शोधावे लागतात. डेव्हिड मॅडसन हे त्याचे नाव. आडनाव उलटे करून त्याने ‘नॉसडॅम’ केले आणि त्यापुढे ‘ऑड’ लावले.

ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात डोसवन आणि ‘व्हाय?’ (प्रश्नचिन्ह नावातलेच) या दोघांबरोबर त्याने ‘क्लाउडडेड’ हा गट काढला. त्यांनी दहा इंची सहा तबकड्या एकामागून एक काढल्या आणि २००१ मध्ये त्या सगळ्या एकत्र करून गटाच्याच नावाने संग्रह आला. पुढे ही मंडळी कॅलिफोर्नियात गेली आणि अँटिकॉन या कलावंतांनीच चालवलेल्या लेबलाभोवती जमली. २००४ मध्ये ‘टेन’ हा दुसरा अल्बम आला आणि गट संपला. या सगळ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही.

मला बोलायचे आहे ते २००५ च्या ‘बर्नर’विषयी आणि २००७ च्या ‘लेव्हल लाइव्ह वायर्स’विषयी. गट मोडल्यावर नॉसडॅमने जे सोबती निवडले, त्यांत रॅपर थोडेच होते; ओढा अधिक होता तो शूगेझकडे, म्हणजे गिटारीच्या दाट गोंगाटात गाणाऱ्याचा आवाज बुडवणाऱ्या संगीताकडे. ‘बर्नर’वर टोलिडोची जेसिका बेलिफ गाते, जी क्रँकी या शिकागोच्या लेबलावर धुक्यासारखी गिटार आणि पुटपुटल्यासारखे गाणे घेऊन आली होती. ‘लेव्हल लाइव्ह वायर्स’वर ती पुन्हा आहे, शिवाय लीड्सच्या ‘हूड’ या गटाचा ख्रिस ॲडम्स आहे आणि ‘टीव्ही ऑन द रेडिओ’चा टुंडे अडेबिम्पे आहे. ‘बर्नर’मधल्या एका तुकड्याचे तर नावच ‘फ्लाइंग सॉसर अटॅक’ आहे, म्हणजे ब्रिस्टलच्या ज्या गटाने घरच्या घरी टेपवर गिटारीचा गोंगाट साठवून ठेवला, त्याला केलेला सरळ नमस्कार.

ठेका हिप-हॉपचाच आहे, जड, लंगडत चालणारा, जुन्या तबकडीतून उचललेला. त्याच्यावर मात्र इतका खरखरीत थर चढवलेला आहे, की स्नेअर ड्रमचा प्रत्येक आघात भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटतो, आणि बेलिफचा आवाज त्या थराच्या वर कधी येतच नाही. तो त्याच्या आतच राहतो. माझे मत असे आहे, की हे दोन वेगळ्या संगीतांचे मिश्रण नसून एकाच सवयीची ही दोन नावे आहेत. जुना आवाज उचलायचा, तो झिजवायचा, आणि त्या झिजलेपणातच सूर शोधायचा, ही ती सवय. तुम्हाला पटते का? आणि पटत असेल, तर याला हिप-हॉप म्हणावे का?

अवनी

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी या सगळ्याकडे नेमकी उलट्या बाजूने पोहोचले. माय ब्लडी व्हॅलेंटाइन आणि स्लोडाइव्ह हे शूगेझ गट माझे दैवत, आणि बेलिफचा १९९८ चा ‘इव्हन इन सायलेन्स’ हा अल्बम मी ‘लो’ या गटाच्या ॲलन स्पारहॉकचा त्यात हात आहे म्हणून मिळवला होता. ती पुढे कोणाकोणाबरोबर गायली हे शोधता शोधता ‘बर्नर’ हाती लागला. तोवर मी हिप-हॉप फारसे ऐकले नव्हते, आणि खरे सांगायचे तर तो अल्बम ऐकतानाही मी हिप-हॉप ऐकते आहे असे मला वाटले नाही.

फ्लाइंग सॉसर अटॅकचा उल्लेख केलात, त्याला एक जोड देते. त्या गटाचा डेव्हिड पिअर्स आणि बेलिफ यांनी ‘क्लिअर हॉरायझन’ या नावाने २००३ मध्ये क्रँकीवरच एक अल्बम काढला. तो ब्रिस्टलमध्ये आणि ओहायोत, टपालाने ध्वनिमुद्रणे इकडून तिकडे पाठवत तयार झाला. म्हणजे नॉसडॅमने बेलिफला बोलावले तेव्हा समोरच्या माणसाच्या अर्धवट टेपवर आपला थर चढवण्याची तिला चांगली सवय होती. सॅम्पल, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणांतले तुकडे, घेऊन काम करणाऱ्या निर्मात्याबरोबर जमायला याहून चांगली पूर्वतयारी कोणती असणार?

मौनीबाबा

मी धागा वाचून ‘बर्नर’ स्पीकरवर लावला. पाचव्या मिनिटाला आई स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली, की सोसायटीची पाण्याची मोटर चालू राहिली आहे, कोणीतरी खाली जाऊन बंद करा.

नाक्यावरचा

मौनीबाबा, आईंचे कान आपल्या सर्वांपेक्षा तयार आहेत.

आता गंभीरपणे लिहितो, आणि थोडे कडू लिहितो, त्याबद्दल राग नसावा. तबकडीवाले, तुमचे लेखन सुंदर आहे, परंतु या मंडळींविषयी जुना आक्षेप आहे आणि तो तुम्ही बाजूला ठेवलात. हिप-हॉप ब्राँक्सच्या वस्त्यांमध्ये १९७० च्या दशकात उभे राहिले, ते बोलण्यासाठी. ज्यांना कोणी माईक देत नव्हते त्यांनी तो हिसकावून घेतला. नंतर काही गोरी, कलाशाळेच्या वातावरणातली मुले आली, त्यांनी त्यातला ठेका ठेवला, बोलणारा माणूस काढून टाकला, त्या जागी धुके भरले, आणि समीक्षकांनी त्याला ‘प्रायोगिक’ म्हटले. बोलणारा काढल्यावर जे उरते ते चांगले असेलही. मात्र त्याला हिप-हॉप म्हणण्याचा आग्रह का धरावा? आपल्याकडे जी मुले आज मराठीत रॅप करतात, त्यांना विचारा, की तुमचे शब्द काढून टाकले तर तुमचे काय उरेल.

रीळबाज

मी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे, त्यामुळे वादाचे सामाजिक अंग इतरांवर सोपवतो आणि यंत्रांपुरते बोलतो. तबकडीवाले ‘एकच सवय’ म्हणतात, ते यंत्रांच्या बाजूने पाहिले तर अक्षरशः खरे आहे.

१९८७ मध्ये ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० हा सॅम्पलर बाजारात आला. तो बारा बिटांचा होता, नमुन्याचा वेग सव्वीस किलोहर्ट्झच्या आसपास होता आणि एकूण साठवण जेमतेम दहा सेकंदांची. दहा सेकंदांत सगळे बसवायचे म्हणून निर्माते तेहतीसच्या गतीची तबकडी पंचेचाळीसवर लावून नमुना घेत आणि आत गेल्यावर तो पुन्हा संथ करीत. जागा वाचायची, परंतु संथ करताना यंत्र जे तुटक गणित करी, त्यातून एक करकरीत धूळ आवाजावर बसायची. ही धूळ कोणी मागितलेली नव्हती. ती काटकसरीतून आली, कानांना आवडली, आणि मग तीच शैली झाली.

आता दुसरी बाजू पाहा. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा केव्हिन शील्ड्स गिटार वाजवताना ट्रेमोलोची दांडी हातातून सोडतच नसे, त्यामुळे प्रत्येक स्वरसमूह थोडा खाली-वर डुलत राही. त्यावर तो यामाहाच्या यंत्रातला उलटा रीव्हर्ब (घुमारा) लावी, म्हणजे आघात होण्याआधीच त्याची छाया ऐकू यावी असा परिणाम. मूळ स्वराची कडा पुसायची आणि नंतर मागे राहते ते पुढे आणायचे, हेच सूत्र तिथेही आहे.

आणखी एक गोष्ट अवनींना कदाचित माहीत असेल. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या १९९१ च्या ‘लव्हलेस’ या अल्बमवरचे बहुतेक ड्रम सलग वाजवलेले नाहीत. त्या काळात ड्रमर कोल्म ओ किओसोग आजारी होता, म्हणून त्याने वाजवलेले तुकडे सॅम्पलरमध्ये घेऊन त्यांची आवर्तने जुळवली गेली. शूगेझचा जो सर्वांत पूज्य अल्बम मानला जातो, त्याचा ठेका हिप-हॉपच्या पद्धतीने उभा केलेला आहे.

अवनी

ते माहीत होते, पण त्यामागचा अर्थ असा कधी जोडला नव्हता. ‘लव्हलेस’चे ड्रम मुद्दाम मागे ठेवले आहेत अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. ते मागे का आहेत याचे अर्धे उत्तर तुमच्या प्रतिसादात आहे.

यावरून १९८८ ची एक गोष्ट आठवली. त्याच गटाच्या ‘इझन्ट एनीथिंग’ या अल्बमच्या सुरुवातीच्या प्रतींबरोबर एक छोटी तबकडी मोफत दिली होती आणि तिच्यावर ‘इन्स्ट्रुमेंटल नंबर टू’ नावाचा तुकडा आहे. त्याचा ठेका चक्क पब्लिक एनिमी या हिप-हॉप गटाच्या ‘सिक्युरिटी ऑफ द फर्स्ट वर्ल्ड’मधून उचललेला आहे. ते गाणे असलेला पब्लिक एनिमीचा अल्बमही त्याच वर्षीचा. म्हणजे न्यूयॉर्कहून तबकडी लंडनला पोहोचते न पोहोचते तोच शील्ड्सने तिच्यावर गिटारीचे धुके सोडले होते. नॉसडॅमच्या आधी सतरा वर्षे!

जर्सीकर

नाक्यावरचे यांना उत्तर द्यायला मी नेवार्कहून एक गट आणतो. मी त्या शहराच्या शेजारीच राहतो, त्यामुळे पक्षपात गृहीत धरावा.

‘डायलेक’ हा नेवार्कचा गट. माईकवर विल ब्रूक्स, जो स्वतःला एमसी डायलेक म्हणवतो, आणि निर्मितीला त्या काळी ऑक्टोपस, म्हणजे आलाप मोमीन. (नाव आलाप, आणि ऐकवतो तो कारखान्याचा भोंगा, पण ते असो.) त्यांचा ‘ॲबसेन्स’ हा अल्बम २००५ मध्ये आला, म्हणजे ‘बर्नर’च्याच वर्षी. तो इपेकॅक या लेबलावर आला, जे गायक माइक पॅटनने सहकाऱ्यासह काढलेले आहे, आणि तोच पॅटन ‘बर्नर’वरही एका ठिकाणी आवाज देऊन गेला आहे. दोन्ही अल्बम सलग ऐकले तर एकाच इमारतीचे दोन मजले वाटतात.

फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की डायलेकमध्ये बोलणारा माणूस गेलेला नाही. तो काळा आहे, रागावलेला आहे, वंश, धर्म आणि बाजार यांविषयी लांबलचक, सुविचारित ओळी म्हणतो, आणि त्याच्यामागे माय ब्लडी व्हॅलेंटाइनला लाजवील अशी गोंगाटाची भिंत उभी आहे. ‘एव्हर सोंबर’ हे गाणे ऐका. मागे जवळजवळ हळवी म्हणावी अशी सुरावट सतत वितळते आहे, आणि पुढे ब्रूक्स एकही शब्द न गिळता बोलतो आहे. २००२ च्या अल्बमवर ‘ब्लॅक स्मोक राइझेस’ नावाचा तुकडा आहे. तो सुमारे बारा मिनिटे चालतो आणि त्यात ठेका जवळजवळ नाहीच. गोंगाट आणि त्यात बुडत जाणारा आवाज, एवढेच. तेव्हा धुके ही काही एकाच रंगाच्या मुलांची मालमत्ता नव्हे.

नाक्यावरचा

जर्सीकर, ‘ॲबसेन्स’ मला प्रिय आहे आणि तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे. तिथे धुके शब्दांना अडवते, म्हणून शब्दांना जोर लावावा लागतो, आणि त्या झटापटीतून गाणे घडते. नॉसडॅमच्या संगीतात झटापट कोणाची कोणाशी आहे? तिथे सगळेच धुक्याच्या बाजूचे आहेत.

खर्जप्रेमी

हा प्रश्न मोलाचा आहे. माझे कान हिंदुस्थानी संगीतावर घडले आहेत, त्यामुळे माझे म्हणणे थोडे बाहेरचे वाटेल.

तानपुरा नीट जुळलेला असला, की जवारीमुळे त्यातून जे स्वर कोणी छेडलेले नाहीत तेही ऐकू येऊ लागतात. गायक त्या स्वरांत मिसळतो आणि त्यांच्यापासून वेगळाही राहतो. बेलिफ ‘बर्नर’मध्ये जे करते ते मला मिसळण्याचे वाटते, आणि तबकडीवाले म्हणतात तसे ती आतच राहते हेही खरे. परंतु माझी तक्रार वेगळी आहे. नॉसडॅमचा थर स्थिर नाही. तो बराच वेळ एकाच जागी बसून राहतो आणि मग अचानक कापला जातो, जणू कोणी टेप उचलली. तानपुऱ्याच्या श्रोत्याला ते दुखते. नाक्यावरचे ज्याला झटापट म्हणतात ती मला त्या कापण्यात दिसते. ठेका आणि थर यांचा एकमेकांशी करार झालेला नाही. धुके गायिकेवर नव्हे, ठेक्यावर उलटते.

तबकडीवाला

खर्जप्रेमी, हे मला शब्दांत मांडता आले नव्हते. कापण्याविषयी एवढेच म्हणतो, की ती सवय क्लाउडडेडपासूनची आहे. दहा इंची सहा तबकड्या, प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणून संग्रहात बारा तुकडे. आणि प्रत्येक तुकड्याच्या आत तीन-चार वेगळी गाणी अर्ध्यावर तोडून जोडलेली. तिथे डोसवनचा नाकातला भराभर आवाज आणि व्हाय?चे सपाट गुणगुणणे त्या तुटण्यांवरून चालत जात, त्यामुळे तुटणे खुपत नसे. आवाज काढून घेतल्यावर शिवण उघडी पडली. मला ती उघडी शिवण आवडते. तुम्हाला ती का खुपते तेही समजते.

ओहायोकर

सिनसिनाटीचे नाव निघाले म्हणून अनेक महिन्यांनी लिहितो आहे.

अवनींनी पब्लिक एनिमीच्या ज्या तुकड्याचा उल्लेख केला, त्याच्या ठेक्याचा माग काढत मागे गेलात तर जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’वर पोहोचता. ड्रमवर क्लाइड स्टबलफिल्ड. ते गाणे २० नोव्हेंबर १९६९ या दिवशी याच शहरात, किंग रेकॉर्ड्सच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले. इव्हान्स्टन भागात ब्रूस्टर अव्हेन्यूवर ती इमारत अजून आहे. विटांची, बुटकी, एखाद्या गोदामासारखी, शेजारून आंतरराज्य महामार्ग जातो. मी तिथून अनेकदा गेलो आहे. फलक वाचला नाही, तर इथे काही घडले असेल अशी शंकाही येणार नाही. सिड नेथन नावाच्या गृहस्थाने तिथे ध्वनिमुद्रण, तबकड्या दाबण्याचे यंत्र, वेष्टनांची छपाई आणि गोदाम, सगळे एकाच छपराखाली ठेवले होते, त्यामुळे गाणे वाजल्यापासून फार थोड्या काळात तबकडी गाडीत चढायची.

म्हणजे वाट अशी झाली: सिनसिनाटीत एक ड्रमर काही आवर्तने एकटा वाजवतो; ती न्यूयॉर्कच्या सॅम्पलरमध्ये जातात; तिथून लंडनला गिटारीच्या गोंगाटाखाली जातात; आणि पुढे सिनसिनाटीतलाच एक मुलगा, गिटारीचा तो गोंगाट आणि तो ठेका दोन्ही ऐकून मोठा झालेला, त्यांना पुन्हा एकत्र करतो. नॉसडॅमच्या एका सुरुवातीच्या संग्रहाचे नावही ‘नो मोअर विग फॉर ओहायो’ असे आहे. तो या वाटेचा विचार करून हे करीत होता असे मी मुळीच म्हणत नाही. इमारत मात्र आहे, आणि ठेकाही आहे.

रीळबाज

ओहायोकर, फार सुरेख. त्यात एक तांत्रिक जोड देतो. स्टबलफिल्डचे ते एकल वादन गाजले ते गाण्याबरोबर नव्हे, नंतर. १९७० मध्ये गाणे दोन भागांत निघाले तेव्हा त्याची विशेष चर्चा नव्हती. १९८६ मध्ये ‘इन द जंगल ग्रूव्ह’ या संग्रहात ते पूर्ण लांबीत आले आणि तेव्हा सॅम्पलर लोकांच्या आवाक्यात आलेले होते, म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांत ते सगळीकडे ऐकू येऊ लागले. त्या वादनाची खुबी आघातांत नसून आघातांच्या मधल्या हलक्या ठोक्यांत आहे, जे स्नेअरवर काठी जेमतेम टेकवून वाजवलेले आहेत. सॅम्पलरने आवाज खरखरीत केला, की हेच हलके ठोके आधी दिसेनासे होतात. नॉसडॅमच्या ठेक्यांत मला नेहमी त्यांची उणीव जाणवते. मोठे आघात उरतात आणि मधला श्वास जातो.

नाक्यावरचा

मग पुढचेही सांगा. ज्या माणसाचे हात जगभरच्या शेकडो गाण्यांत वाजत राहिले, त्या स्टबलफिल्डला त्या सॅम्पलांबद्दल हक्काचे मानधन मिळाले नाही, कारण गाण्याचे श्रेय आणि हक्क ब्राउनच्या नावावर होते. तो २०१७ मध्ये गेला. तुम्ही सगळे ‘वाट’ म्हणून जी कौतुकाने रेखाटता आहात, तिच्या पहिल्या टोकाला असलेल्या माणसाच्या हाती काही पडले नाही. धुळीचे सौंदर्य मलाही कळते, पण ती धूळ ज्याच्या घरून आली त्याचे नाव तरी थरातून वर यायला हवे.

ओहायोकर

यात वाद नाही. म्हणूनच मी नाव लिहिले.

अवनी

नाक्यावरचे, तुमच्या पहिल्या आक्षेपाला एक उत्तर राहून गेले आहे, तेही देते, कारण शूगेझला तुम्ही सरळ गोऱ्या मुलांच्या खात्यात टाकलेत.

लंडनमध्ये ए. आर. केन नावाची जोडी होती, म्हणजे ॲलेक्स आयुली आणि रूडी टांबाला हे दोन मित्र. दोघेही कृष्णवर्णीय. आपल्या संगीताला ‘ड्रीमपॉप’ हे नाव त्यांनीच दिले, आणि शूगेझवाल्यांनी त्यांच्याकडून किती घेतले हे त्या काळचे श्रोते सांगतात. १९८७ मध्ये त्यांनी कलरबॉक्स या गटाबरोबर ‘मार्स’ या नावाने फोरएडी लेबलावर एक तबकडी केली. तिच्या एका बाजूला ‘पंप अप द व्हॉल्यूम’ आहे, जे सॅम्पल जोडून केलेले नाचाचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. दुसऱ्या बाजूला ‘अनिटिना’ आहे, ज्यात केन मंडळींच्या गिटारीचा गोंगाट यंत्राच्या ठेक्यावर सोडलेला आहे. एकाच तबकडीच्या दोन बाजूंना सॅम्पलर आणि धुके! तबकडीवाले जी एक सवय म्हणतात ती त्या सात-आठ मिनिटांत सापडते, आणि ती २००५ ची नाही, ओहायोची नाही आणि गोऱ्यांचीही नाही.

मौनीबाबा

तबकडी उलटण्याचे कष्ट घेणारे श्रोते आता उरले नाहीत, म्हणून अशा गोष्टी अवनींना सांगाव्या लागतात.

ढमढोल

मी एवढ्या मागे जाऊ शकत नाही, माझा प्रवेश फार साधा होता. बोर्ड्स ऑफ कॅनडा या गटाच्या २००६ च्या ‘ट्रान्स कॅनडा हायवे’ या छोट्या संग्रहाच्या शेवटी ‘डेव्हन काउबॉय’ची नॉसडॅमने केलेली आवृत्ती आहे. मूळ गाणे पाच मिनिटांचे आणि त्यात मधोमध ढग फाटून सूर्य यावा तशी गिटार उघडते. नॉसडॅमने ते जवळजवळ दुप्पट ताणले आहे आणि ठेका इतका जड केला आहे, की ती गिटार उघडत नाही, ओझे घेऊन उभी राहते. कौतुकाचे गाणे घेऊन त्याचे कष्टाचे गाणे केले. मला मूळ गाण्यापेक्षा ही आवृत्ती अधिक आवडते, आणि बोर्ड्सच्या चाहत्यांसमोर हे बोललो की बोलणी खावी लागतात. त्याआधी २००४ मध्ये बोर्ड्सनी क्लाउडडेडच्या ‘डेड डॉग्ज टू’वर असाच हात फिरवला होता, म्हणजे ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती.

जर्सीकर

ढमढोल यांनी दाखवलेली जागा महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच्या गाण्यावर हात फिरवताना नॉसडॅमचा स्वभाव अधिक स्पष्ट दिसतो, कारण तुलना करायला मूळ गाणे असते. स्वतःच्या अल्बमांत तो सगळे आधीच झिजवून आणतो, त्यामुळे काय झिजले हे आपल्याला कळत नाही.

त्याच न्यायाने ‘हूड’चा २००१ चा ‘कोल्ड हाउस’ ऐकण्यासारखा आहे. तिथे यजमान शूगेझच्या बाजूचे आहेत आणि पाहुणे क्लाउडडेडचे. डोसवन आणि व्हाय? यांचे तुटक बोलणे यॉर्कशरच्या ओल्या, राखाडी गिटारींमध्ये येते. पुढे ‘लेव्हल लाइव्ह वायर्स’वर ख्रिस ॲडम्स आला, तो याच ओळखीतून आला असावा असे दिसते. त्याने ‘ब्रॅकन’ या नावाने केलेला स्वतंत्र अल्बम २००७ मध्ये अँटिकॉननेच काढला.

नाक्यावरचा

कबूल करतो, की ए. आर. केनविषयी मला माहीत नव्हते आणि काल रात्रभर तेच ऐकत होतो. ‘अनिटिना’ विलक्षण आहे. परंतु तबकडीवाले यांच्या मूळ प्रश्नावरचे माझे उत्तर बदललेले नाही. अवनींनी आणि रीळबाज यांनी हे सिद्ध केले, की शूगेझमध्ये हिप-हॉपचे हत्यार पहिल्यापासून होते. त्यावरून नॉसडॅम हिप-हॉप ठरत नाही. उलट तो शूगेझच ठरतो, फक्त गिटारीऐवजी सॅम्पलर हाती घेतलेला. मला त्यात कमीपणा वाटत नाही. त्याचा मान त्या घरात शोधा, एवढेच म्हणणे आहे. ‘बर्नर’ मी दोनदा ऐकला. बेलिफ गाते तो तुकडा सोडला तर माझ्याजवळ काही उरले नाही. त्या एका तुकड्यात मात्र, माणसाचा आवाज आल्याबरोबर, ठेक्यालाही काहीतरी काम मिळाल्यासारखे वाटले. हे माझ्याच बाजूचे आहे, लक्षात असू द्या.

खर्जप्रेमी

नाक्यावरचे, ज्या तुकड्यात शब्द कळतच नाहीत तो तुम्हाला पटला आणि जिथे आवाजच नाही ते पटले नाहीत, म्हणजे तुमची मागणी शब्दांची नसून कंठाची आहे. तसे असेल तर तुमच्यात आणि माझ्यात फार अंतर नाही.

नाक्यावरचा

अंतर आहे. तुम्हाला कंठ पुरतो, मला पत्ता हवा. कोण बोलतो आहे, कुठून बोलतो आहे.

तबकडीवाला

नाक्यावरचे, तुमची व्याख्या मला मान्य नाही. माझ्या मते निर्माताही बोलतो, आणि त्याचा पत्ता त्याच्या तबकड्यांच्या निवडीत असतो. कोणता ठेका उचलला, किती झिजवला, कुठे कापला, हे त्याचे म्हणणे. रॅपर नसलेल्या तबकड्या या परंपरेत पुष्कळ आहेत आणि त्यांना कोणी घराबाहेर काढत नाही. मात्र नॉसडॅमने गट मोडल्यावर बोलावलेली माणसे पाहिली, की त्याला स्वतःलाही नुसता ठेका पुरत नव्हता हे दिसते, आणि तिथे तुमचे निरीक्षण माझ्याहून नेमके आहे.

अवनींनी व्यक्तिगत निरोपात विचारले होते, की नवख्याने कोणत्या क्रमाने ऐकावे. इथेच लिहितो. आधी ढमढोल यांनी सांगितलेली ‘डेव्हन काउबॉय’ची आवृत्ती, मूळ गाण्याला लागून. मग ‘लेव्हल लाइव्ह वायर्स’, कारण त्यात माणसे अधिक आहेत आणि थर पातळ आहे. ‘बर्नर’ त्यानंतर. २००९ चा ‘टाइम साउंडट्रॅक’ हा स्केटबोर्डिंगच्या चित्रफितीसाठी केलेला अल्बम सगळ्यात शेवटी ठेवावा; तो सुटसुटीत आहे, पण आधी ऐकला तर हा माणूस गोड वाटेल, आणि तो गोड नाही.

रीळबाज

क्रम योग्य आहे. फक्त ‘बर्नर’ हेडफोनवर ऐकू नका. त्यातला खालचा गुरगुराट खोलीच्या हवेसाठी आहे, कानात तो नुसता दाबल्यासारखा वाटतो.

मौनीबाबा

स्पीकरवर ऐकण्यापूर्वी मात्र घरच्यांना मोटरचे सांगून ठेवा.